पावसाचा भार कुणाच्या डोक्यावर?

(घाटमाथ्यावरच्या गावांतील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय छापलाय, ‘हवामानावर आधारित पर्यटन आणि महिला’. नाव जड आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर काजवे, धबधबे, रानफुलं, थंडीतलं चांदणं बघायला शहरातून माणसं येतात. आपल्या घरात राहतात, आपल्या चुलीवरचं जेवतात आणि पैसे देऊन जातात. हा धंदा आखायचा कसा, आणि त्यातून बाईच्या पदरात काय पडतं, एवढंच मला बोलायचंय.

कुणी म्हणेल, स्त्री-चळवळीचा याच्याशी काय संबंध? मारहाण, हुंडा, दारू, जमिनीचा हक्क हे आपले विषय. पॅकेज हा हॉटेलवाल्यांचा विषय. माझं म्हणणं असं की, जिथे बाईच्या श्रमावर पैसा उभा राहतो आणि तो तिच्या हाताला मात्र लागत नाही, तिथे आपला विषय सुरू होतो.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तेव्हा बायकांच्या उपजीविकेच्या यादीत शिलाई मशीन होतं, शेळ्या होत्या, पापड-लोणची होती. पाहुणे नव्हते. गेली काही वर्षं मी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आसपासच्या गटांबरोबर काम करते. तिथे मात्र गावागावात ‘येथे राहण्याची व जेवणाची सोय होईल’ अशा पाट्या दिसतात. पाटीवर नाव आणि फोन नंबर घरच्या पुरुषाचा. आत चुलीपाशी कोण आहे हे पाटीवर नसतं.

हा भाग तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचं हे पश्चिमेचं टोक. १९२६ साली पुरं झालेलं प्रवरेवरचं विल्सन धरण, १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, सांदण दरी, घाटघरचा कडा. भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. इथे मोठी हॉटेलं थोडी, पण चार खोल्यांची मुक्कामाची घरं पुष्कळ. आणि या घरांची कमाई बाराही महिने सारखी नसते, आभाळाकडे बघून चालते.

मे महिन्याच्या मध्यापासून वळवाच्या सरी पडल्या की काजवे दिसू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडं रात्री लखलखतात. पाऊस जोरात लागला की हा खेळ संपतो. मग जुलै-ऑगस्टात धबधबे. सप्टेंबरात पाऊस उघडीप देऊ लागला की पठारांवर सोनकी पिवळीधमक फुलते. डिसेंबर-जानेवारीत थंडी, स्वच्छ आभाळ, अमावास्येच्या आसपास तारे बघायला येणारी मंडळी. म्हणजे वर्षात चार हंगाम. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, दर वेगळा, ताटही वेगळं.

आता याच चार हंगामांच्या शेजारी बाईचं वर्ष मांडून बघू या. आमच्या एका बैठकीत आम्ही हे खडूने जमिनीवर काढलं होतं. वरच्या ओळीत पाहुण्यांचे महिने, खालच्या ओळीत आपली कामं.

काजव्यांचे दिवस म्हणजे मे अखेर. विहिरींनी तळ गाठलेला असतो, हंडे घेऊन दूर जावं लागतं. त्याच वेळी सोळा पाहुण्यांना अंघोळीला पाणी लागतं. शिवाय पावसाआधी सरपण भरायचं असतं, घर शाकारायचं असतं, भाताच्या रोपांची तयारी असते. धबधब्यांचे दिवस म्हणजे जुलै. तीच आवणी! दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची आणि संध्याकाळी येऊन वीस माणसांच्या भाकरी थापायच्या. फुलांच्या दिवसांत जरा उसंत असते. पुढे भाताची कापणी आणि झोडणी उरकली की थंडीतल्या पाहुण्यांसाठी खरा मोकळा वेळ मिळतो.

तक्ता पुरा झाला तेव्हा एक ताई म्हणाली, “म्हंजी पाऊस येतो तवा दोन्हीकडनं आमच्याच अंगावर येतो.” मला वाटतं, या धंद्याचं याहून नेमकं वर्णन कुठल्या अहवालात सापडणार नाही.

त्या बैठकीतून पहिली गोष्ट ठरली. पॅकेज आखायचं तर पाहुण्यांच्या सवडीआधी घरातल्या कामाचा तक्ता बघायचा. आवणीच्या दोन आठवड्यांत मुक्काम बंद, किंवा फक्त दुपारचं जेवण. हे ऐकून घरचे पुरुष म्हणाले, ऐन हंगामात गिऱ्हाईक परत पाठवायचं? त्यावर बायकांनी विचारलं, मग आवणीला येता का? की भाकरी थापता? प्रश्न टाकल्यावर चर्चा सरळ झाली. काही घरांत पुरुष रोपं उपटायला आले, काही घरांत खोल्या बंद राहिल्या. दोन्ही निर्णय चांगलेच. महत्त्वाचं हे की निर्णय बाईच्या उपस्थितीत झाला.

आता हवामानाच्या लहरीकडे येते. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला पोचला. २०२५ साली २६ मेलाच येऊन थडकला. दोन सालांमध्ये बरोबर एका महिन्याचा फरक! मुंबईची तारीख ती काही आपल्या घाटाची तारीख नव्हे, पण यावरून अंदाज येतो. आता कल्पना करा, एखाद्या बाईने एप्रिलमध्ये ‘जूनचा पहिला शनिवार, काजवे हमखास’ असं सांगून चार खोल्या भरून घेतल्या. पाऊस उशिरा आला तर काजवे तुरळक, लवकर आला तर धुवांधार सरींत काहीच दिसणार नाही. पाहुणा चिडतो. म्हणतो, पैसे परत द्या. आणि समोर उभी कोण असते? ज्या भावाने फोनवर ‘हमखास’ म्हणून सांगितलं तो नाही, शहरातल्या ज्या दलालाने माणसं गोळा केली तोही नाही. ताट वाढणारी बाई उभी असते.

म्हणून दुसरी गोष्ट. ‘हमखास’ हा शब्द आपल्या तोंडून आणि पाटीवरून काढून टाकायचा. आपण काजवे विकत नाही. काजवा हा किडा आहे, भुंग्याच्या जातीचा. नर उडताना उजेड करून मादीला खुणावतो, मादी गवतातून उत्तर देते. त्याची अळी ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढते. गाड्यांचे दिवे, बॅटऱ्या, मोबाइलचा झोत यांनी त्यांची खूण चुकते. झाडाखाली गर्दी घुसली की गवतातल्या माद्या पायाखाली जातात. वनखातं काजव्यांच्या काळात वेळेची आणि वागण्याची बंधनं घालतं ती यासाठी. ती बंधनं आपल्या फायद्याची आहेत. काजवे संपले तर आपला हंगामच संपला. तेव्हा आपण विकतो ती राहण्याची जागा, जेवण, आणि रानाची माहिती असलेली सोबत. काजवे दिसले तर तो निसर्गाचा प्रसाद. हे पाहुण्याला आधी, स्पष्ट आणि लेखी सांगायचं.

आणि त्याच कागदावर पुढची ओळ लिहायची, की निसर्गाने तोंड फिरवलं तर काय करायचं. यालाच मी आखणी म्हणते. प्रत्येक हंगामाला एक जोडकाम हवं. काजवे नसले तर अंगणात बसून नाचणीची, वरईची माहिती आणि चुलीवरचा स्वयंपाक शिकवायचा. धबधब्याकडे जाता आलं नाही तर घरात राहून भात लावणीची गोष्ट, गाणी, रानभाज्यांची ओळख. ढगांमुळे तारे दिसले नाहीत तर शेकोटी आणि सकाळी अमृतेश्वराचं देऊळ. यात नवीन खर्च काही नाही. आपल्याला येतं तेच आहे. पण एक अट. हे जोडकाम करणारीला त्याचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. नाहीतर ‘काजवे नाहीत ना, मग वहिनी गाणी म्हणतील’ असं होतं, आणि वहिनीच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम येतं.

मैत्रिणींनो, इथे मला ‘पाहुणा’ या शब्दाबद्दल बोलायचंय. हा शब्द गोड आहे, पण घातकी आहे. पाहुणा म्हटलं की त्याचं करणं हा घरच्या बाईचा धर्म होतो. उठणं, चहा ठेवणं, अंथरूण घालणं, रात्री अकराला पुन्हा भाकरी टाकणं, हे सगळं ‘पाहुणचारात’ जमा. पैसे मात्र पुरुषाच्या खिशात, कारण व्यवहार त्याने केला. घरकाम म्हणून जे आजवर मोजलं गेलं नाही, तेच आता बाजारात विकलं जातंय आणि तरीही मोजलं जात नाही. म्हणून हिशोब लिहायला शिका. वहीत तीन रकाने करा. कुणी किती तास काम केलं, सामानाला किती लागले, हातात किती आले.

एक नमुन्याचा हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, चार खोल्यांत सोळा माणसं, माणशी १,५०० रुपये. म्हणजे एका रात्रीचे २४,००० रुपये. दलालामार्फत आलेल्या माणसांचे हे पैसे दलाल घेतो आणि आपल्याला माणशी ५०० प्रमाणे ८,००० देतो. शनिवारी दुपारी पावसामुळे बेत रद्द झाला, तर दलाल ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतो. तोवर दूध, कोंबडी, भाजी मिळून ३,००० रुपयांचं सामान आलेलं असतं. मदतीला बोलावलेल्या दोघी जणींची मजुरी ४०० प्रमाणे ८०० रुपये. एकूण ३,८०० रुपये अंगावर. आणि प्रत्यक्षात काय होतं? कोंबडी उरलेली, दूध नासलेलं आणि मदतीच्या बायकांना ‘काम झालं नाही, मजुरी कसली’ म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलं जातं. म्हणजे पावसाचा तोटा वरून खाली घरंगळत येतो आणि सगळ्यात गरीब बाईच्या ओच्यात पडतो. ती बहुधा ठाकर वस्तीवरची असते, विधवा असते किंवा टाकलेली असते. घरमालकीण बाई आपल्यावर अन्याय होतो म्हणते, पण तीच आपल्या मोलकरणीवर तो ढकलते. हेही आपल्याला बोलावं लागेल.

यावर आमच्या गटांनी चर्चा करून जे नियम काढले ते सांगते. जसेच्या तसे घ्या असं नाही, पण विचार करा.

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय खोली धरायची नाही. पाहुण्याने स्वतःहून बेत बदलला, ‘काजवे कमी आहेत असं ऐकलं’ म्हणून, तर रक्कम परत नाही, पण त्याच वर्षात दुसरी तारीख मिळेल. खोली आपण बंद केली, म्हणजे धोक्याचा इशारा आहे किंवा प्रशासनाची बंदी आहे, तर पाहुण्याला तारीख बदलून मिळेल किंवा पूर्ण पैसे परत. बोलावलेल्या मदतनीस बाईला दोन्ही वेळेला दिवसाची मजुरी मिळेलच.

मग हे पैसे आणायचे कुठून? त्यासाठी ‘पाऊस-निधी’. वरच्याच हिशोबात माणशी ५० रुपये बाजूला काढले तर सोळा माणसांचे रात्रीचे ८०० होतात. पाच रात्री घर भरलं की ४,००० जमतात, आणि एक बुडालेली रात्र त्यात भरून निघते. एकेका घराने ठेवला तर हा निधी घरखर्चात विरघळतो हे आपल्याला माहीत आहे. म्हणून तो बचतगटाच्या खात्यावर ठेवायचा. पाच-सहा घरं एकत्र आली तर एकीच्या वाईट रात्रीला दुसरीची चांगली रात्र उपयोगी पडते.

आता ‘बंद’ कधी करायचं? इथे भिडस्तपणा चालणार नाही. हवामान खातं जिल्हावार इशारे देतं, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. नारिंगी आणि लाल इशाऱ्याला पाण्याकाठी, कड्याकाठी कुणालाही न्यायचं नाही, हा आपला नियम हवा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलंही होती. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार माणसं गेली. आपल्या सांदण दरीत पावसाळ्यात उतरणं म्हणजे पाण्याच्या वाटेत उभं राहणं. पाहुणा म्हणतो, ‘आम्ही पैसे दिलेत, न्या’. घरातला तरुण मुलगा चार पैशांसाठी न्यायला तयार होतो. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार बाईकडे हवा. नियम कागदावर आणि भिंतीवर लावलेला असला की तिला भांडावं लागत नाही, बोट दाखवलं की पुरतं.

बोट दाखवण्यावरून दुसऱ्या धोक्याकडे येते. तो आभाळातून येत नाही, गाडीतून बाटल्या घेऊन येतो. पावसाळी सहल म्हणजे दारू असा समज झालाय. रात्री दारूच्या नशेत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ‘ताई, अजून रस्सा आणा’ म्हणणारा माणूस तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलाय. घरचे म्हणतात, गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे. सांभाळून घेणं हे आपण पिढ्यान् पिढ्या केलं, आता पुरे. रात्री दहानंतर स्वयंपाकघर बंद, वाढायला एकटी बाई जाणार नाही, मुलींना खोलीत पाणी द्यायला पाठवायचं नाही. आणि हे लक्षात ठेवा की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बाईसाठी नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मदतनीस बाईलाही हा कायदा लागू आहे, मग त्रास देणारा पाहुणा असो की घरमालक. ११२ आणि १८१ हे दोन नंबर पाटीवर नसले तरी चुलीमागच्या भिंतीवर असू द्या.

शेवटचा मुद्दा मालकीचा. मुक्कामाचं घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याबाबत शासनाने २००३ सालीच निर्णय काढला. किती जणींनी तो वापरला? हात वर करा. (थोडे हात वर.) बघा. २०२३ साली राज्याने पर्यटनात महिलांसाठी ‘आई’ धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळण्याची त्यात तरतूद आहे. पण त्यासाठी व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा. कागदावर नाव नवऱ्याचं, आणि कर्ज मिळावं म्हणून दोन महिन्यांपुरती बायको मालकीण, असले प्रकार होतात. सही तिची, पैसा त्याचा आणि हप्ता बुडाला की नोटीस तिला. नावापुरती मालकी ही गुलामीपेक्षा महाग पडते. म्हणून क्रम असा ठेवा. आधी घरावर नाव, मग बँकेत स्वतःचं खातं, मग पैसे त्या खात्यावर घेण्याचा आग्रह आणि त्यानंतर कर्ज. पाटीवरचा फोन नंबरही आपला असावा. फोन ज्याच्या हातात, तारीख ठरवणं त्याच्या हातात, आणि तारीख ठरवणं म्हणजे बाईचे कामाचे दिवस ठरवणं.

काही जणींना वाटेल, एवढे नियम लावले तर गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाईल. जाईलही. एकटीने नियम लावले तर नक्की जाईल. म्हणून तर संघटना लागते. एका खोऱ्यातल्या सगळ्या घरांनी एकच आगाऊ रकमेचा नियम, एकच किमान दर आणि एकच बंदीचा नियम ठेवला, तर दलालाला दुसरं दार उरत नाही. शेतमजूर बायकांनी मजुरीसाठी हेच केलं, विडी कामगार बायकांनी हेच केलं. आपलं कामाचं ठिकाण घराच्या भिंतीआड आहे एवढाच फरक. भिंतीआड असल्यामुळेच एकत्र येणं अवघड, आणि म्हणूनच जास्त गरजेचं.

पुढच्या महिन्याच्या गटबैठकीत प्रत्येकीने तीन गोष्टी घेऊन याव्यात. स्वतःच्या कामाचा आणि पाहुण्यांच्या हंगामाचा तक्ता. घराच्या नमुना ८ ची नक्कल. आणि गेल्या हंगामात पावसामुळे बुडालेल्या रात्रींचा हिशोब, त्यात मदतनीस बाईची न दिलेली मजुरी धरून. त्या मदतनीस बाईलाही बैठकीला बोलवा. तिच्याशिवाय केलेले नियम पुन्हा तिच्याच डोक्यावर बसतील.

पाऊस कधी येईल हे ठरवणं आपल्या हातात नाही. तो उशिरा आला, लवकर आला, कोसळला किंवा दडी मारून बसला, तर त्याची किंमत कोण मोजणार हे मात्र माणसंच ठरवतात. आजवर ते आपल्याला न विचारता ठरलं. येत्या हंगामाआधी आपण ते बसून, बोलून, लिहून ठरवू या.